भाकरीच्या माथी मारलेलं दुखणं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला, सुजाताला तर नाहीच — आणि सांगायला हवं होतं ते तिलाच. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही आम्हाला ओळखत नाही, एवढंच कारण असेल.

सहा वर्षांपूर्वी माझ्या मोठ्या आतड्याचा एक तुकडा काढावा लागला. गाठ साधी निघाली, पण पोट काही ताळ्यावर येईना. गच्च, फुगलेलं, चार-चार दिवस साफ नाही. सर्जनचं म्हणणं एकच — वेळ लागेल, धीर धरा. सुजाता हॉस्पिटलने दिलेला कागद फ्रिजवर लावून त्याबरहुकूम रांधायची. मऊ भात, मुगाच्या वरणाचं पाणी, गाळलेलं सूप.

मला धीर नव्हता. ऑफिसातल्या एकाने इथल्या, लंडनच्या क्रॉयडन भागातले एक चिनी वैद्य सुचवले होते. आता मी कोण होतो, तेही सांगायला हवं — बुद्धविहारात विज्ञाननिष्ठेवर बोलणारा. सुजाताने ओव्याचा काढा केला तरी ‘पुरावा काय?’ असं विचारणारा. हा माणूस जडीबुटीच्या दुकानात जातो, हे कुणाला कळलेलं मला चाललं असतं का?

सुजाता कामाला गेल्यावर मी ट्रामने गेलो. वैद्य साठीचे, शांत. त्यांनी दोन्ही मनगटांची नाडी पाहिली, जीभ पाहिली.

“ऑपरेशनला किती दिवस झाले?”

“तीन महिने,” मी म्हणालो. झाले होते तीन आठवडे.

“सर्जनना विचारलंत?”

“हो.”

त्यांनी भुकटीच्या पुड्या दिल्या. रोज एकच, गरम पाण्यातून. पोटात दुखलं तर लगेच बंद करा आणि हॉस्पिटलला कळवा. हे त्यांनी दोनदा सांगितलं. त्यांची चूक शोधायचा मी पुष्कळ प्रयत्न केलाय — सापडत नाही.

पहिल्या दिवशी एका पुडीने काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी मी दुपारपर्यंत तीन घेतल्या.

संध्याकाळी सुजाताने अर्धी ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून दिली. मीच दोन दिवस मागे लागलो होतो. तासाभरात मुरडा, जुलाब, घेरी — शेवटी अँब्युलन्स.

वॉर्डातल्या डॉक्टरबाईंनी सरळच विचारलं, “काही वेगळं पोटात गेलंय? एखादं हर्बल औषध वगैरे?”

“नाही,” मी म्हणालो. “घरचंच जेवण.”

सुजाता उशाशी उभी होती. “मी भाकरी दिली त्यांना,” ती म्हणाली. “अर्धीच. त्याने झालं का?”

“असू शकेल. जरा लवकर दिली गेली असेल,” डॉक्टरबाई म्हणाल्या. चांगुलपणानेच म्हणाल्या.

एक वाक्य पुरलं असतं. मी सलाइनच्या नळीकडे बघत राहिलो.

पण एवढंच असतं तर मी हे लिहिलं नसतं. त्या शुक्रवारी सुजाता नागपूरला निघणार होती. तिचे बाबा अंथरुणाला खिळले होते — ‘एकदा येऊन जा’ एवढंच म्हणाले होते. तिने वॉर्डाबाहेरच्या पॅसेजमधून तिकीट रद्द केलं आणि त्यांना फोन लावला. दार उघडं होतं. “बाबा, ह्यांचं पोट बिघडलंय. माझ्याच हातून झालं. पुढच्या महिन्यात येते.”

मी ऐकलं. तेव्हाही हाक मारता आली असती ना?

नवव्या दिवशी बाबा गेले. मी घरी आलो होतो, बराही होतो. सुजाताने फोन दोन्ही हातांत धरून अंत्ययात्रा पाहिली. तिकडे त्रिसरण-पंचशील सुरू झालं, तेव्हा तिने इथून म्हटलं. मीही तिच्या शेजारी बसून म्हटलं — त्यातलं चौथं शील खोटं न बोलण्याचं. तेही म्हटलं. आवाज नीट लागला होता.

घाबरलो होतो म्हणून गप्प राहिलो का? तसं म्हणता येत नाही. तिने माझ्याकडे कसं पाहिलं असतं, ते मला बघायचं नव्हतं. उरलेल्या पुड्या मी स्टेशनजवळच्या कचऱ्याच्या बिनमध्ये टाकल्या. सुजाताने त्यानंतर घरात ज्वारीचं पीठ आणलेलं नाही. कुणाचं पोटाचं ऑपरेशन झालं की ती आपणहून फोन करते आणि बजावते, ‘माझ्यासारखी घाई करू नका.’

मागच्या महिन्यात तिच्या भावाचा फोन आला होता, स्पीकरवर होता. तो सहज म्हणाला, “ताई, शेवटचे दोन दिवस बाबा दाराकडेच बघत होते गं.” सुजाता म्हणाली, “चूक माझीच होती रे.”

मी उठून दुसऱ्या खोलीत गेलो — नाही, उठलोही नाही. तिथेच बसून होतो, तिच्यापासून हातभर अंतरावर. लॅपटॉपवर अर्धा झालेला ऑफिसचा ईमेल मी पूर्ण केला आणि पाठवला.