मेंढरांचा सिग्नल

मला राग फार पटकन येतो. नवरा म्हणतो, तू स्टेशन मास्तर झालीस ते बरं झालं, तुझा आवाज घरात मावलाच नसता. आमचं घर सोलापुरात, सात रस्त्याजवळ. माझं स्टेशन तिकडं सांगोल्याच्या बाजूला, उघड्या माळावर, जिथं पॅसेंजर थांबते आणि बाकीच्या गाड्या नुसती धूळ उडवून जातात. आठवडाभर तिथल्या क्वार्टरमध्ये राहायचं आणि सुट्टीला एसटीनं घरी यायचं, असं माझं चाललेलं. खरं सांगते, मला ते स्टेशन मनापासून आवडायचं.

तेव्हा आमच्याकडे हाताचे सिग्नल होते. उंच खांब आणि त्याला लाल पट्टी. पट्टी आडवी असली की गाडीनं थांबायचं, खाली झुकली की यायचं. झुकली की आम्ही म्हणायचो, सिग्नल पडला. तो पाडायला केबिनमधला लिव्हर ओढावा लागे, आणि लिव्हरपासून खांबापर्यंत रुळाच्या कडेनं, छोट्या छोट्या कप्प्यांवरून एक लोखंडी तार गेलेली असे. आमचा लिव्हरवाला तळहात चोळून, पाय रोवून, सगळं अंग मागं टाकून ओढायचा आणि मी खिडकीतून ओरडायचे, "पडला का?" उन्हाळ्यात तार तापून ढिली व्हायची, पट्टी अर्धीच झुकायची. मग ड्रायव्हर गाडी उभी करून शिट्ट्या मारत बसणार, लिव्हरवाला तारेला शिव्या देणार आणि मी लिव्हरवाल्याला.

त्या खांबापाशी एक मावशी मेंढरं चारायची. सगळा माळ वाळून कोळ झाला तरी रुळांच्या कडेला गवत टिकायचं. तिथं जनावर आणायला बंदी आहे म्हणून मी पहिल्याच आठवड्यात जाऊन तिला चांगलं झापलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, जेवलीस का. पुढं ती चहाला शेळीचं दूध आणून द्यायला लागली. ओरडत मी रोजच राहिले, पण दूध घेऊन.

गवत रुळांच्या दोन्ही बाजूंना, त्यामुळं कळप कायम अर्धा इकडं, अर्धा तिकडं आणि दोन-चार शहाणी मधोमध रुळात. पण मावशीला घोर नसायचा. ती चाती फिरवत लोकर कातत बसलेली असायची. लिव्हर ओढला की तार करकरायची, कप्प्या खडखडायच्या, मावशी गुडघ्यांच्या नावानं कुरकुरत उठायची, आणि सगळी मेंढरं माना वर करून मावशीच्या बाजूला गोळा व्हायची. ती कौतुकानं सांगायची, माझ्या मेंढरांना तार कळते, मी आपली नुसती सोबतीला. आम्हीही तसंच धरून चाललो होतो. नवा माणूस बदलून आला की लिव्हरवाला त्याला मुद्दाम दाखवायचा आणि म्हणायचा, ही बी रेल्वेच्याच नोकरीत हायत, फकस्त पगार न्हाय.

मग आमच्याकडे दिव्यांचे सिग्नल येणार असं ठरलं. काय आनंद झाला म्हणून सांगू. लिव्हर नाही, तार नाही, खांबावर चढून रॉकेलचा दिवा लावणं नाही. माझ्या खोलीत टेबलाएवढं पॅनेल बसलं, त्यावर सगळ्या स्टेशनाचा नकाशा आणि बटणं. बटण दाबलं की तिकडं खांबावर पिवळा नाहीतर हिरवा दिवा. लिव्हरवाल्याचा खांदा कायमचा दुखरा, त्यानं तर पेढे वाटले. चाचणीच्या आठवड्यात मी बटण दाबायचे आणि सवयीनं खिडकीतून ओरडायचे, "पडला का?" तोही बाहेरून ओरडायचा, "पडला!" पडायला तिथं काही नव्हतंच. इंजिनिअर पोरं पोट धरून हसायची. हसा म्हटलं, तुम्ही कधी तार ओढली नाही म्हणून हसताय.

एकट्या मावशीला तेवढा आनंद नव्हता. एक दिवस प्लॅटफॉर्मवर येऊन खालीच बसली. मी तिला दिव्यांचं सगळं हौसेनं सांगितलं. तिनं विचारलं, दिव्याला आवाज असतो का. मी म्हटलं, नाही. तेव्हा म्हणाली, "मग माज्या मेंढरास्नी सांगायचं कुनी?"

मग तिनं खरं काय ते सांगितलं. तिच्या मुलाला कळप विकून टाकायचा होता. मागं मावशी तापानं पडली असताना त्यानं एक दिवस मेंढरं आणली होती. तार करकरली, पण एकही मेंढरू हललं नाही. गाडी थांबली, ड्रायव्हरनं त्याची आईमाई काढली आणि यानं एकेकाला ओढून बाहेर काढलं. तार असताना ही गत, मग तार गेल्यावर काय, असं त्याचं म्हणणं. नवा दिवा लागेल त्या दिवशी तो स्वतः येऊन बघणार होता. एक जरी मेंढरू रुळात राहिलं, तर रविवारी सांगोल्याच्या बाजारात सगळी विकायची, असं त्यानं आईला बजावलं होतं. दुसरीकडं चारा म्हणावं तर गवत कुठं होतं? मी म्हटलं, दिव्यावर नजर ठेव आणि जोरात हाक मार. ती म्हणाली, जन्मात कधी ओरडलेली न्हाय, आता काय ऐकत्यात ती.

"मेंढरं गेली तर सकाळी उठून मी करू काय, बाई?" असं ती म्हणाली.

सुरू व्हायच्या दिवशी साहेब लोक आले. पॅनेलला हार घातला, नारळ फोडला. पहिलं बटण मी दाबणार असं मी मनाशी पक्कं धरलं होतं. माझं स्टेशन, माझं पॅनेल. तर मला म्हणाले, मॅडम, जरा बाजूला व्हा. मोठ्या साहेबांनी बटण दाबायचं होतं. माझं डोकं असं तापलं की मी कुणाला न विचारता तरातरा प्लॅटफॉर्मच्या टोकाला जाऊन उभी राहिले.

तिथून सगळं दिसत होतं. कळप नेहमीसारखा दोन्हीकडं पांगलेला. मावशी दिव्याकडं तोंड करून बसलेली, हातातली चाती थांबलेली. मुलगा मोटारसायकल लावून बाभळीखाली उभा. लाल दिवा गेला, पिवळा लागला. कसला म्हणून आवाज नाही.

मावशी घाईघाईनं उठली. काठी घेतली, पदर खोचला आणि हाक मारायला तोंड उघडलं. हाक निघायच्या आतच जवळच्या मेंढरांनी माना वर केल्या. मग पलीकडची निघाली, रुळातली शहाणीही निघाली, आणि बघता बघता सगळा कळप तिच्याभोवती येऊन उभा राहिला. पॅसेंजर आली तशी शिट्टीसुद्धा न मारता खांबावरून पुढं स्टेशनात गेली.

मी युनिफॉर्ममध्येच रुळाच्या कडेनं पळत सुटले. जाऊन बघते तर मावशी मेंढरांच्या मधोमध उभी, हसतेय आणि डोळ्यांना पदर लावतेय. मुलगा मान खाजवत तिच्याकडं बघत होता. म्हणाला, त्या दिवशी तार वाजली तवा मी उठलोच न्हवतो, मोबाईल बघत बसलो हुतो.

"म्हंजी ती तारेचं ऐकतच न्हवती, बाई," मावशी मला म्हणाली. "मी उठले म्हनून उठायची."

मुलाचा विश्वास बसेना. त्यानं आईला खाली बसवलं. मेंढरं पुन्हा चरायला पांगली. मग म्हणाला, आता ऊठ बघू. ती उठली आणि कळप परत गोळा झाला. तो लहान पोरासारखा हसायला लागला आणि म्हणाला, आणि एकदा. रोज गुडघ्यांच्या नावानं रडणारी मावशी त्या दिवशी दम लागेपर्यंत बसली आणि उठली, आणि दर वेळी सगळी मेंढरं चरणं सोडून तिच्याकडं आली.