उरलेला रॉड

कप ठेवायला जागा हवी म्हणून कादरभाई मिस्त्रींनी माझ्या टेबलावरचा पेपरवेट, म्हणजे एक लोखंडी रॉड, उचलला आणि तो हातातच धरून ठेवला.

"बाई, हे कुठनं आलं?"

"पिकअपमधून. काल काढला. जादाचा होता."

कादरभाईंनी अर्धा चहा तसाच ठेवला. बसच्या डेपोत अठ्ठावीस वर्षं ब्रेकचं काम करून निवृत्त झालेला माणूस. नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या आमच्या शेडशेजारी त्यांचं छोटं वर्कशॉप होतं. रोज अकराला चहाला यायचे आणि कप चाटूनपुसून जायचे. त्यामुळे तो अर्धा चहा मला आवडला नाही.

"गाडी कुठंय?"

"सिन्नरला. सोपान माल आणायला गेलाय."

"येताना भरून?"

"सव्वा टन."

त्यांनी माझा फोन माझ्याकडे सरकवला.

ही नव्वदच्या दशकाच्या शेवटाची गोष्ट. तेव्हा मी बेचाळीस वर्षांची होते आणि मला सगळं येत होतं. आता सत्तरीत बरंचसं विसरले आहे, त्यामुळे लोकांना माझा त्रास कमी होतो. त्या वेळी माझं छोटं मशीन शॉप होतं. तीन लेथ, एक ड्रिलिंग मशीन. सिन्नरच्या फाउंड्रीतून कास्टिंग आणायचं, म्हणजे वितळलेलं लोखंड साच्यात ओतून बनवलेले ओबडधोबड तुकडे, ते मापात आणून मोठ्या कंपनीला द्यायचे. हे वाहण्यासाठी एक पिकअप होती. आमच्याकडे आली तेव्हाच तिचे दोन मालक होऊन गेले होते.

पिकअपची दुरुस्ती मी स्वतः करायचे. कारण अगदी साधं होतं. गॅरेजवाला माझ्याशी बोलायचा नाही, माझ्या ड्रायव्हरशी बोलायचा. मी विचारलं, क्लचला काय झालंय, तर तो सोपानकडे बघून उत्तर द्यायचा. मेकॅनिकल डिप्लोमाला वर्गात मी एकटी मुलगी होते. हा अपमान मी का सोसावा? मी गॅरेजला जाणंच बंद केलं. क्लचची वायर मी बदलली. सीटांना नवी कव्हरं मी शिवली. कॅसेट प्लेअरही मीच बसवला. इंडिकेटर लावला की त्यातली गाणी रडवेली व्हायची, पण ते मी कुणाला मान्य केलं नाही.

मग पाट्याचं भूत डोक्यात शिरलं. पिकअपच्या मागच्या चाकांवर लोखंडी पट्ट्यांची चळत असते. त्यांना पाटे म्हणतात. गाडी भरली की पाटे दबतात आणि मागची बाजू खाली बसते. अंबडमध्ये प्रत्येक पिकअपवाला दोन्ही बाजूंना एकेक जादा पाटा टाकून घ्यायचा. गाडी मागून ताठ उभी राहायची, माल जास्त बसायचा. सगळे करतात म्हणजे बरोबरच असणार, हे आमच्या एमआयडीसीचं इंजिनिअरिंग होतं. फरक एवढाच, की बाकीचे मिस्त्रीकडून करून घ्यायचे. मी रविवारी गंगापूर रोडला घराच्या अंगणात केलं.

आमचे हे कॉलेजात इतिहास शिकवायचे. ते स्टुलावर बसून बॅटरी धरत होते. स्टूल डुगडुगत होतं, म्हणून त्याच्या पायाखाली गाडीचं माहितीपुस्तक घातलं होतं. हे मुद्दाम सांगतेय. पुस्तक तिथे होतं.

पाटे बसले. गाडी मागून चार बोटं उंच झाली. मग लक्षात आलं, की मागच्या एक्सलपासून वर चेसिसच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, एका छोट्या व्हॉल्व्हकडे जाणारा एक रॉड आता पुरत नव्हता. व्हॉल्व्हचा दांडा खाली लोंबत होता. रॉड ताणून बसेना. मी तो काढून टाकला. दांडा खडखड वाजू नये म्हणून बाइंडिंग वायरने खाली घट्ट बांधला.

"हा कशाचा असेल?" ह्यांनी विचारलं.

"कशाचाही नाही. कंपन्या उगाच काहीतरी लावतात."

इतिहासाच्या माणसाने मान हलवली. त्यांचा विश्वास होता माझ्यावर. तोच घात झाला.

मग मी गंगापूर रोडवर ट्रायल घेतली. रिकामी गाडी, मोकळा रस्ता. ब्रेक दाबला की जागच्या जागी. मी अंगणात परत आले ती जणू गाडी मीच शोधून काढल्यासारखी.

आता कादरभाईंनी तो रॉड माझ्या नाकासमोर धरला आणि मला समजावलं. गाडी रिकामी असताना मागची चाकं हलकी असतात. तिथे जोरात ब्रेक लागला तर ती घसरतात. म्हणून तो व्हॉल्व्ह मागचा ब्रेक कमी करतो. माल भरला की चेसिस खाली येते, रॉड दांड्याला वर ढकलतो, व्हॉल्व्ह उघडतो, मागच्या चाकांना पूर्ण ब्रेक मिळतो. गाडीत किती वजन आहे, हे ब्रेकला सांगणारी ती एकच वस्तू.

"आणि तुम्ही त्याला बांधून ठेवलंय, बाई. त्याला वाटतंय गाडी रिकामी. सगळा भार पुढच्या ब्रेकवर. घाटात ते तापणार. तापले की धरणार नाहीत."

सिन्नर उंचावर. नाशिककडे येताना मोहदरी घाट उतरावा लागतो.

मी फाउंड्रीचा फोन लावला. एंगेज. पुन्हा लावला. एंगेज. तबकडीतून बोट घसरत होतं. आठव्यांदा की नवव्यांदा गेटवरच्या माणसाने उचलला. पिकअप भरून गेली का? "गेली की, पंधरा मिनिटं झाली." फाउंड्रीपासून घाट फार तर दहा मिनिटांवर.

म्हणजे जे व्हायचं होतं, ते मी नंबर फिरवत असतानाच झालं होतं.

माझ्या स्कूटरवर मागे कादरभाई बसले, मांडीवर पान्यांची पेटी. रॉड माझ्या पर्समध्ये. मी मनात हिशेब मांडला. सोपान सुखरूप उतरला असेल तर नाशिकरोडच्या आसपास समोरून येईल. नाशिकरोड गेलं. मग म्हटलं, शिंदे गावाला. समोरून येणाऱ्या प्रत्येक पांढऱ्या गाडीची नंबरप्लेट मी वाचत होते. शिंदे गेलं. कादरभाईंनी एकदा म्हटलं, "जरा हळू, बाई, आपले ब्रेक पण बघा."

सोपानच्या बायकोला मी ओळखत होते. मंगल. संक्रांतीला घरी येऊन गेली होती. तिला काय सांगायचं, याची वाक्यं माझ्या डोक्यात आपोआप जुळायला लागली आणि प्रत्येक वाक्य 'मला वाटलं' असंच सुरू होत होतं.

घाटाच्या पायथ्याला वाहनं थांबली होती. वळणावर लोक जमलेले. मी स्कूटर रस्त्यातच सोडली आणि पळाले. कांद्याचा ट्रक होता. टायर फुटला होता, गोणी खाली सांडल्या होत्या, ड्रायव्हर विडी ओढत बसला होता. त्याला बघून मला इतका आनंद झाला, की त्याने विचारलं, "काय ओ, वळखीचे का तुमी?"

त्याने वरून पिकअप येताना पाहिली नव्हती. आम्ही दरीच्या बाजूने बघत बघत घाट चढलो.

घाट संपतो तिथे चहाच्या टपरीशेजारी आमची पिकअप उभी होती. चारही चाकांना दगड. सोपान बाकड्यावर बसून वडा खात होता.

माझ्या तोंडून पहिलं वाक्य काय निघावं? "इथे का बसलायस?"

त्याने शांतपणे कागदाला बोटं पुसली. "ताई, गाडी भरल्यावर गेटाभायेर एकदा ब्रेक दाबून पाहतो ना मी. तुम्ही वरडता, ब्रेकच्या शू झिजत्या म्हणून. आज दाबला, तं गाडीनं नाक घासलं अन् मागून ढकलायला लागली. म्हनलं, ही काय घाट उतरायची नाय. दुसऱ्या गिअरात इथवर आनली."

"मग फोन नाही करायचा?"

त्याने टपरीमागच्या पीसीओकडे बोट दाखवलं. "पाच डाव लावला. तुमचाच एंगेज."

कादरभाई तोवर गाडीखाली शिरले होते. त्यांनी माझी वायर सोडली, व्हॉल्व्हचा दांडा वर केला आणि त्याच वायरने वर बांधला. "माल आहे तोवर असाच राहू दे. अंबडला उतरवला की मी नीट बसवतो." खालून त्यांचा आवाज आला, "गाठ छान मारली होती, बाई. सुटता सुटेना."

सोपानने आधी तिथल्या सपाटीवर ब्रेक दाबून बघितला. दोनदा. मी ओरडले नाही. मग दुसऱ्या गिअरमध्ये तो घाट उतरला आणि मी स्कूटरवरून त्याच्या मागे. कादरभाई त्याच्या शेजारी बसले. माझ्या मागे बसायला त्यांनी नकार दिला.

माल कंपनीत एक दिवस उशिरा गेला. पर्चेसच्या साहेबांनी विचारलं, काय झालं. मी म्हटलं, गाडीचं काम निघालं होतं. ते म्हणाले, "मॅडम, चांगल्या मिस्त्रीला दाखवत जा." मी सोपानकडे बघून "हो" म्हटलं.

कादरभाईंनी जादा पाटे काढले आणि रॉड परत बसवला. गाडीचं काम मी त्यानंतरही करत राहिले, पण नियम दोन झाले. ट्रायल भरलेल्या गाडीवर घ्यायची, आणि ती घ्यायची सोपानने. त्याला पटली नाही तर गाडी गेटाबाहेर जायची नाही, मग मालकीण काहीही म्हणो. या नियमाचा त्याने पुढची अकरा वर्षं मनसोक्त गैरफायदा घेतला. नागपंचमीला आणि मुलीच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला गाडी हमखास पटायची नाही.

परवा नातीने मिक्सर खोलून स्वतः जोडला. चालू करून दाखवला, घरभर टाळ्या झाल्या. मी भांड्यात काय आहे ते बघितलं. काही नव्हतं.

मी तिला म्हटलं, "आता यात डाळ घाल. आणि मूठ उघड, बघू काय उरलंय."