पाणी शिळं कधी होतं

उन्हाळ्यात के. आर. पुरममधल्या आमच्या बिल्डिंगची बोअरवेल आटली आणि नळ सकाळी सहा ते आठच सोडायचं ठरलं. नोकरीत मी लोकांच्या सवयींची मॉडेल्स बनवतो. त्यामुळे कोणतं घर किती पाणी वाचवेल, याचं मॉडेल बनवायचं काम असोसिएशनने माझ्याच गळ्यात घातलं.

मी प्रत्येक घराला पंधरा प्रश्न विचारले, मीटरचे आकडे भरले, आणि वर आगाऊपणे सुचवलं की दर रविवारी सगळ्यांत उधळ्या फ्लॅटचा नंबर लिफ्टमध्ये लावावा. लाज वाटली की माणूस सुधारतो, असं मी मीटिंगमध्ये म्हणालो. अध्यक्ष कन्नडमध्ये म्हणाले, "सरी सार." म्हणजे ठीक आहे, सर.

पहिल्या रविवारी नंबर आमचाच निघाला. मॉडेलने आम्हाला सगळ्यांत काटकसरी ठरवलं होतं. कागद मीच चिकटवला, चारही कोपऱ्यांना टेप लावून.

घरात दोनच माणसं, मी आणि चार महिन्यांपूर्वी गावाहून आलेली आई. सोमवारी सकाळी मी स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो. सहाला नळ आला तसा आईने हंडा, कळशी, दोन बादल्या, सगळं मोरीत ओतलं आणि पुन्हा भरायला घेतलं.

"चांगलं पाणी ओततेस कशाला?"

"कालचं आहे. शिळं झालं."

"गावी चार दिवसांनी नळ यायचा. तिथं नाही व्हायचं शिळं?"

"तिथं चार दिवसांनी व्हायचं. नवं आलं की जुनं शिळं."

माझ्या पंधरा प्रश्नांत हा प्रश्न नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या घरी रोज नळ येत होता, आणि हंडा भरताना ती चक्क गुणगुणत होती. ओतू नकोस म्हणायला माझी जीभ रेटेना. मग मी भित्र्या माणसाचा मार्ग धरला. दिवसाआड, सहाच्या आधी फिरायला निघताना, जिन्यातला आमच्या फ्लॅटचा व्हॉल्व्ह बंद करायला लागलो. परत आल्यावर म्हणायचो, "आज पाणी नाही वाटतं." ती म्हणायची, "असू दे," आणि भांड्यांवर झाकणं ठेवायची. तिचं गुणगुणणं थांबलं. मला वाईट वाटायचं, पण आकडे छान येत होते.

महिन्याभरात आम्ही उधळ्यांच्या यादीत तळाला गेलो. अध्यक्षांनी लिफ्टमध्ये आईसमोरच माझं अभिनंदन केलं आणि हे कसं जमवलं, म्हणून विचारलं. मी म्हणालो, "सवय."

ते दुसऱ्या मजल्यावर उतरले. दार मिटल्यावर आई म्हणाली, "उद्या ती जिन्यातली चावी फिरवू नकोस. मला डोक्यावरून न्हायचंय."

"तुला कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी. शेजारच्या अक्कांकडे नळ चालू होता की."

"मग बोलली का नाहीस?"

"इथं आपला नंबर लागला होता तेव्हा तुझं तोंड बघितलं होतं मी."

दुसऱ्या दिवशी मी फिरायला गेलो नाही. ती बराच वेळ न्हात होती. मी मीटर बघितलं नाही.