इव्हानोकडून आलेलं

देनिस गेला तेव्हा त्याला साधा ताप होता. इटलीतल्या स्कार्दोव्हारीच्या खाडीत बापाबरोबर तिसऱ्या शिंपल्या काढणारा धडधाकट पोरगा. जेवून झोपला तो उठलाच नाही. शवविच्छेदनात हृदय निरोगी निघालं. डॉक्टर म्हणाले, दोष हृदयाच्या मांसात नसेल, त्यातून फिरणाऱ्या विजेत असेल, आणि तो बहुधा आईकडून नाहीतर बापाकडून आला असेल. हृदयाच्या नुसत्या आलेखात तो दिसेलच असं नाही. शिरेतून औषध देऊन त्याला बाहेर काढावं लागतं.

म्हणून देनिसचा बाप इव्हानो सिव्हिएरो आणि त्याची बायको लोरेदाना पाडोव्याला इस्पितळात आली.

आधी लोरेदाना आत गेली. ती रडतच बाहेर आली, पण ते रडणं सुटकेचं होतं. तिला ते लपवता आलं नाही.

"माझ्यात नाही," ती म्हणाली. "आता तू जा."

इव्हानोच्या छातीवर तारा लावल्या, वेळ आलीच तर झटका देता यावा म्हणून मोठ्या पट्ट्या चिकटवल्या. औषध हळूहळू शिरेत जाऊ लागलं तशी तोंडात गंजक्या खिळ्याची चव आली. पडद्याकडे बघायचं नाही असं त्यानं ठरवलं होतं. तो डॉक्टरीणबाईंकडे बघत राहिला. त्या नर्सशी काहीबाही बोलत होत्या. मध्येच त्यांची नजर पडद्यावर खिळली आणि त्या म्हणाल्या, "बंद करा."

घरात आणखी कुणी असं अचानक गेलं होतं का, हे त्यांनी पुन्हा विचारलं. नाही म्हणता म्हणता तो अडखळला. त्याचा बाप ओलिंदो शांत पाण्यात होडीतून पडून गेला होता. प्यायलेला असणार, असं गाव म्हणालं, आणि इव्हानोही जन्मभर तेच सांगत आला होता, कधी कधी हसून.

"मग मी कसा राहिलो?" त्यानं विचारलं.

काहींना कधीच काही होत नाही, बाई म्हणाल्या. ताप अंगावर काढायचा नाही, काही औषधं टाळायची, बस. म्हणजे तो जगणार होता.

लोरेदाना बाहेर उभी होती. त्याच्या सदऱ्याची बटणं उघडीच होती. ती तिनं लावून दिली, अगदी गळ्यापर्यंत. त्या दिवसापासून ती देनिसच्या खोलीत झोपू लागली. कडू शब्द एकही बोलली नाही. इव्हानो मात्र त्या शब्दाची वाट बघत राहिला.

मुलगी कातिया फेराराला शाळेत शिकवायची. तिनं चाचणी लांबवली, मग एकटीच जाऊन करून आली. लहानपणी ती चर्चमध्ये दोनदा चक्कर येऊन पडली होती. पोरीला पाद्रीबुवांचं प्रवचन सोसत नाही, अशी इव्हानो तेव्हा थट्टा करायचा. आता तिच्या गळपट्टीच्या हाडाखाली हृदयाला झटका देणारं यंत्र बसवलं. ईस्टरला जेवताना तिनं सांगितलं की तिला आणि तिच्या जोडीदाराला, मानुएलला, मूल नको आहे.

"येईलच असं नाही ना," इव्हानो म्हणाला. "निम्मी शक्यता असते."

"देनिसलाही निम्मीच होती, बाबा."

त्या उन्हाळ्यात निळ्या खेकड्यांनी खाडीतल्या तिसऱ्या फस्त केल्या. इव्हानो तरी होडी काढायचा आणि रिकामा परतायचा. रोज कातियाला फोन करून ताप नाही ना, एवढंच विचारायचा. ती आधी उत्तर द्यायची, मग चिडायची, मग तिनं फोन उचलणंच सोडलं.

आता लोरेदाना स्वयंपाकघरातून कातियाशी फोनवर बोलते आणि इव्हानो दाराशी उभा राहतो. फोन ठेवल्यावर ती त्याच्याकडे न बघता ओट्याशी वळते. काही वाईट असतं तर बोलली असती, असं म्हणून तो बूट चढवतो.