भिंतीवरची खपली
किटलीच्या बुडाला धरलेला पांढरा थर व्हिनेगर ओतून खरवडला की आंबट वास सुटतो; तसाच वास वडिलांच्या हातांना यायचा. ते विक्रोळीच्या एका कारखान्यात रसायनांच्या टाक्यांत उतरून आतला क्षार आम्ल ओतून छिन्नीने काढायचे. मी एम.टेक.ला होतो आणि तशाच टाकीत क्षार किती वेगाने तयार होईल, याचं गणित संगणकावर मांडत होतो. आकडे काही केल्या प्रयोगाशी जुळत नव्हते. एकदा जेवताना वडिलांनी माझा आलेख पाहिला आणि म्हणाले, “भिंतीक खपली धरता, ती खंय आसा ह्यात?” मी म्हटलं, “बाबा, हे गणित आहे. तुम्ही जेवा.” आठवड्याने मी टाकीच्या भिंतीवर धरणारा थर, म्हणजे बाबांची खपली, गणितात घेतला आणि आकडे जुळले. सादरीकरणात सरांनी विचारलं, “छान रे, हे सुचलं कुठून?” वडील इस्त्रीचा शर्ट घालून मागच्या खुर्चीवर बसले होते. मी म्हटलं, “वाचनातून, सर.” सगळ्यांबरोबर वडिलांनीही टाळ्या वाजवल्या. घरातला पहिला पदवीधर मी, त्याचा अभिमान आजही आहे. आता वर्गात हे गणित शिकवताना मी त्या थराला खपलीच म्हणतो आणि शब्द कुणाचा तेही सांगतो, पण ते ऐकायला मागच्या खुर्चीवर आता वडील नसतात.