नाल्यातली टोपली

पनवेलला उतरले तेव्हा माझ्या काखेत सकस आहाराचा तक्ता होता. त्यावर सफरचंद एवढं मोठं काढलं होतं की दूध, अंडी आणि पालेभाजी त्याच्या आश्रयाला आल्यासारखी दिसत. नव्वदीच्या सुरुवातीचा मार्च होता. मुंबईच्या एका रुग्णालयात मी आहारतज्ज्ञ होते. काम साधं. कागदाच्या डाव्या बाजूला ‘वर्ज्य’ लिहायचं, उजवीकडे ‘त्याऐवजी’. उजवी बाजू रिकामी ठेवून रोग्याला घरी पाठवायचं नाही, हे मी पहिल्याच वर्षी शिकले होते.

एका संस्थेनं कातकरी वाडीवर भाषणाला बोलावलं होतं. संस्थेचे कार्यवाह एसटी स्टँडवर जीप घेऊन हजर होते, पण निघता येईना, कारण प्रमुख पाहुण्यांचा हार यायचा होता. आला तो आखूड निघाला. बदलून येईपर्यंत कार्यवाहांनी दोन वडे खाल्ले, मी चहा घेतला. कोन गाव मागे पडल्यावर जीप डांबरी रस्ता सोडून डोंगराकडे वळली. कुंपणभिंतींवर नव्या फार्महाऊसची नावं होती, मधूनच फुललेला पळस.

वाडी अर्धी रिकामी होती. धडधाकट माणसं वीटभट्ट्यांवर गेलेली. प्रमुख पाहुण्यांनी कमी उपस्थितीबद्दल खेद व्यक्त केला, रोज दूध पिण्याचं आवाहन केलं आणि नारळ फोडला. वाडीत एकही गाय मला दिसली नाही. खोबरं वाटून झाल्यावर सभा आपोआप संपली; माझं भाषण राहूनच गेलं.

चांगुणा नावाची एक बाई तिथेच बसून राहिली. सातवा महिना, म्हणून ती भट्टीवर न जाता सासूजवळ राहिली होती. हातांच्या काड्या झालेल्या, पायांवर सूज. काय खातेस, असं विचारल्यावर सासूनं, बारकीबाईनं, उत्तर दिलं. तांदूळ संपला की पावसापर्यंत कडू कंद (डोंगरात उगवणारं रानटी कंदमूळ). चिरून राखेच्या पाण्यात उकडायचा, टोपलीत भरून रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवायचा. कडूपणा वाहून गेला नाही तर घसा जळतो, उलट्या होतात.

तिनं टोपली दाखवायला नेलं. नाल्याच्या थबकलेल्या पाण्यात ती दगडाखाली दाबून ठेवली होती. पाणी फिकट जांभळं होतं. कडेच्या दगडांवर तोच रंग चढलेला. वरच्या अंगाला कारखान्याचं पत्र्याचं छप्पर चमकत होतं.

“रोज हाच रंग असतो?”

“कदी लाल, कदी निलं,” बारकीबाई म्हणाली. “आमची होली संपतच नाय, बाई.”

कारखाना पाणी रात्री सोडतो हे कळल्यावर मला चटकन उपाय सुचला. टोपली दिवसा ठेवा, संध्याकाळी काढून घ्या.

“दिवसा पानी धावत नाय,” ती म्हणाली. “आता नाला सुका. रातचं कंपनी सोडते तवाच धावतं.”

कंदाला वाहतं पाणी हवं होतं, आणि वाहत होतं तेवढं कारखान्याचंच. मग हंड्यात भिजवून पाणी बदलत राहा, असं मी म्हणून पाहिलं. चांगुणा हसली. पिण्याचा हंडा ती डवऱ्यातून (झऱ्याशी खणलेल्या खड्ड्यातून) वाटीवाटीनं भरत होती.

“हा कंद नको खाऊस,” मी तिला म्हटलं. “पोटातल्या बाळाला बाधेल.”

“मंग काय खाऊ?”

ती वाद घालत नव्हती. माझे रोगी विचारतात तसंच विचारत होती. तक्ता मी गुंडाळलेलाच ठेवला.

बारकीबाईनं पाहुण्यांसाठी पळसाच्या पानांवर कंदाचे काप आणले, वर मीठ. कार्यवाह उपवास सांगून सुटले. मी पान धरून बसले. चांगुणानं ते माझ्या हातातून अलगद काढून घेतलं.

“तुमाला नको तं मीच खाते,” ती म्हणाली, आणि माझ्यासमोर बसून तिनं ते संपवलं.

नाल्याचं पाणी बाटलीत भरून मी पनवेलच्या एका कचेरीत गेले. तिथले साहेब सभ्य होते, त्यांनी चहा मागवला. नोंदीप्रमाणे हा नाला पावसाळी आहे, मार्चमध्ये त्यात पाणी नसतं, म्हणून ते दूषित होण्याचा प्रश्न उद्भवत नाही, असं त्यांनी समजावलं. जांभळी बाटली आमच्या दोघांच्या मध्ये, टेबलावरच होती.

त्यानंतर मी अशा कचेऱ्यांत पुष्कळ बसले. पुढे रुग्णालय सुटलं. आता भाषणांना बोलावतात तेव्हा माझ्यासाठीही हार थांबवून ठेवतात. चांगुणाचं मूल बारशाआधी गेलं. कंदानं, पाण्यानं की नुसत्या उपासमारीनं, हे मला ठरवता आलेलं नाही, आणि ठरवणं ज्यांचं काम होतं त्यांनी विचारलं नाही. नाला मात्र अजूनही कोरड्या दिवसांत रात्री वाहतो.

त्या दिवशी परतीच्या एसटीत सवयीनं मी कागद काढला होता. ‘वर्ज्य’खाली कडू कंद लिहिला. मग उजव्या बाजूवर पेन टेकवून बसले. मुंबई आली, कंडक्टरनं हाक मारली, तेव्हा तिथे शाईचा एक ठिपका होता.