गुरुवारच्या सभेत प्रभू कुठे जाणवला

किस्से गोळा करायला कुठे लांब जावं लागत नाही. मोठमोठं बोलणारी दहा-बारा माणसं आठवड्यातून एकदा एका खोलीत बसवा, ते आपोआप साठत जातात. आमच्या बीडच्या ख्रिस्ती मंडळीची गुरुवारची प्रार्थना सभा ही अशीच जागा. माझ्याकडे इतके साठलेत की आता पोटात राहत नाहीत. आणि खरं सांगते, ते सांगताना मला हसू कमी आणि संताप जास्त येतो.

मी रिटायर्ड नर्स. मंडळीत सगळे मला सिस्टर म्हणतात. पाठीमागे काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे. सभा दर गुरुवारी कुणाच्या तरी घरी असते. गीत, वचन, प्रार्थना झाली की आमचा एक रिवाज आहे: प्रत्येकाने उठून सांगायचं, या आठवड्यात प्रभूची उपस्थिती कुठे जाणवली. रिवाज चांगला आहे. माणसं त्याचं काय करतात ते ऐका.

*

आमचे सेक्रेटरी सॅम्युएलभाऊ. साक्ष द्यायला कायम पहिला नंबर. एकदा उठले आणि सद्गदित होऊन म्हणाले, "परवा अंबाजोगाईला जायचं होतं. स्टँडवर ही तोबा गर्दी. पण प्रभूने माझ्यासाठी खिडकीची सीट राखून ठेवली होती. त्या क्षणी मला त्याची उपस्थिती जाणवली."

सगळे "आमेन" म्हणाले. मी नाही म्हणाले, कारण मी त्याच बसमध्ये होते! सीट प्रभूने नाही, भाऊंच्या रुमालाने राखली होती. बस थांबायच्या आत त्यांनी तो खिडकीतून आत फेकला होता. त्या सीटपाशी एक दिवस भरलेली बाई आधीच पोहोचली होती. भाऊंनी तिला रुमाल दाखवून उठवलं. मांजरसुंब्यापर्यंत ती बिचारी दांडा धरून उभी. मी मागच्या गर्दीत अडकलेले, तिथूनच ओरडत होते, तर भाऊ डोळे मिटून बसले. बहुधा उपस्थिती जाणवत असावी.

मी सभेत उठून म्हणाले, "भाऊ, प्रभू त्या बसमध्ये होता, यात मला शंका नाही. पण तो उभा होता."

त्यानंतर महिनाभर भाऊंनी मला सलाम केला नाही.

*

मग आमच्या पाळकसाहेबांनी मौन प्रार्थना काढली. पाळकसाहेब माणूस वाईट नाही, पण कुठल्याशा शिबिराला जाऊन आले की चार दिवस काहीतरी नवीन खूळ असतं. सभा रूथकाकूंच्या घरी होती. सगळ्यांनी डोळे मिटून, अजिबात न हलता प्रभूची उपस्थिती अनुभवायची.

दोनेक मिनिटं झाली आणि आत कुकरची शिट्टी झाली. मग दुसरी. काकू उठल्या, गॅस बंद करून आल्या आणि पुन्हा डोळे मिटून बसल्या.

मौन संपल्यावर पाळकसाहेब गंभीर आवाजात म्हणाले, "काही लोकांचं मन स्वयंपाकघरातच अडकलेलं असतं. अशाने उपस्थिती कशी जाणवायची?"

डाळ-भात तिथे बसलेल्या सगळ्यांसाठी शिजत होता, बरं का. मी तोंड उघडणार तोच काकू अगदी शांतपणे म्हणाल्या, "साहेब, उठले नसते तर कुकर जळाला असता. मग तुमच्या ताटात मी उपस्थितीच वाढली असती."

त्या दिवशी पाळकसाहेबांनी तीनदा भात घेतला.

*

पुढच्या उन्हाळ्यात मंडळीने कीबोर्ड आणि दोन मोठे स्पीकर घेतले. एका गुरुवारी सभा सुरू झाली आणि लाईट गेली. आम्ही टाळ्यांवर गीतं म्हटली. रूथकाकूंचा आवाज काय सुंदर लागला होता त्या दिवशी! मला तर भरून आलं.

शेवटी सॅम्युएलभाऊ उठले. "आज काही खास जाणवलं नाही. लाईट नव्हती ना."

मी म्हणाले, "कावून भाऊ, प्रभूचं मीटर पण तुमच्याच डीपीवर हाय का?"

संताप आला की माझ्या तोंडी अशी माहेरची भाषा येते.

*

या सगळ्यात एक बाई मागे बसायची. शांताबाई. जवळच्या पाली गावची. कधीमधी रिक्षाने यायची, चपला काढायच्या जागेजवळ बसायची आणि अंधार पडायच्या आत निघायची. तिच्या नवऱ्याला, योहानला, दोन वर्षांपूर्वी लकवा झाला. वाचा शाबूत, पण उजवी बाजू पार गेलेली. तेव्हापासून तो खाटेवर.

तिची पाळी आली की ती म्हणायची, "सकाळी ह्यांची पाठ पुसताना जाणवतो त्यो. रोजच." आणि लगेच पुढे, "साहेब, एकदा आमच्याकडं सभा घ्या ना. ह्यांना मंडळीबरोबर प्रभुभोजन घ्यायचंय. लई आस हाय."

दर वेळी पाळकसाहेब म्हणायचे, "बघू." मग ती गेली की चर्चा. घर पत्र्याचं. शेजारी धनगराचा शेळ्या-मेंढरं कोंडायचा वाडगा, त्याचा वास. गाडी दारापर्यंत जात नाही. कीबोर्ड ठेवायचा कुठे? एकदा मी फारच मागे लागले तेव्हा पाळकसाहेब म्हणाले, "सिस्टर, उपस्थितीसाठी जरा वातावरण लागतं."

गोठ्यात जन्मलेल्याचे हे सेवक! मी इतकंच म्हणाले, "साहेब, नाताळचा संदेश यंदा दुसऱ्या कुणाला द्यायला सांगा."

*

आता जे सांगते त्याने अजूनही माझं रक्त तापतं. मी लेकीच्या बाळंतपणाला अंबाजोगाईला गेले होते. त्या आठवड्यात मंडळीने सहल काढली: 'निसर्गात प्रभूची उपस्थिती'. कुठे? पालीला, बिंदुसरा धरणावर! भेळ झाली, फोटो झाले, स्पीकर लावून गीतं झाली. शांताबाईचं घर तिथून चालत पंधरा मिनिटांवर. एकालाही आठवण झाली नाही.

मी परत आले त्या गुरुवारी शांताबाईही आली होती. तिने तक्रार केली नाही. उलट हसून म्हणाली, "परवा तुमच्या गाण्याचा आवाज येत व्हता आमच्याकडं. ह्यांनी खाटेवर डाव्या हातानं ताल धरला. म्हणले, आपलीच मंडळी आलीया, च्याचं आधण ठेव. दिवस मावळस्तोवर वाट बघितली आमी."



मी उभी राहिले. "पुढच्या गुरुवारी सभा पालीला. साहेब, तुम्ही भाकर आणि द्राक्षरस घेऊन येताय. नाहीतर मी तुमच्या वरच्या साहेबांकडे तक्रार घेऊन जाते."

सॅम्युएलभाऊ चाचरत म्हणाले, "पण कीबोर्ड..."

"कीबोर्डला पण प्रभुभोजन द्यायचंय का, भाऊ?"

*

तर गेलो आम्ही पालीला. गाड्या रस्त्याला लावून पायवाटेने एकामागून एक.

अंगण सारवलेलं होतं. शेजारच्या लक्ष्मण धनगराने शेळ्या लांब नेऊन बांधल्या होत्या आणि स्वतः चुलीपुढे बसून आमच्या चहासाठी दूध तापवत होता. रोज सकाळी मेंढरं सोडायच्या आधी तो येतो आणि शांताबाईबरोबर योहानला उचलून कूस बदलून देतो, दाढीही करतो. हे शांताबाईने कधी सभेत सांगितलं नव्हतं. मी सवयीने योहानची पाठ बघितली. एक जखम नव्हती. वॉर्डात जन्म घालवलाय मी, दोन वर्षं खाटेवर पडलेल्या माणसाची अशी पाठ फार कमी वेळा बघितली.

योहान पांढरा सदरा घालून, उशीला टेकून बसला होता. आम्ही दाटीवाटीने बसलो. पाळकसाहेबांनी डोळे मिटले, दोन्ही हात वर केले आणि त्यांच्या त्या खास आवाजात सुरुवात केली.

"ये प्रभू, ये! या गरीब घरात ये. या पत्र्याखाली उतर. आम्ही तुला बोलावतो आहोत. उशीर करू नकोस. ये!"

असं बराच वेळ चाललं. लक्ष्मण चहाची किटली घेऊन दारात खोळंबला होता. शेवटी त्याला राहवेना. तो खाटेजवळ वाकून हळूच म्हणाला, "योहानदादा, कोण यायचं राहिलंय? कावून इतकं बोलवायलेत? रस्त्यावर जाऊन बघू का?"

योहान डोळे न उघडताच म्हणाला, "कोणाला बघतो बे? त्यो तर रोजच हितं हाय. ही मंडळीच यायची राहिलती. आली आता. च्या दे त्यांना."